म्हणेबाई

पहिल्या भेटीत मी तिला युनियनच्या खोलीतून बाहेर काढलं होतं. पुन्हा तशीच आली तर पुन्हा काढीन. गाद्यांच्या कारखान्याला आग लागून जेमतेम आठवडा झाला होता, आमच्या दोघीजणी आत गुदमरून गेल्या होत्या, अजून कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि ही बाई खांद्याला कापडी पिशवी अडकवून दारात उभी. ना ओळख ना पाळख.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"मी लिहिते."

"पेपरवाल्या?"

"नाही. पुस्तकं."

"म्हणजे कथा-कादंबऱ्या. आमच्या मढ्यांवर कादंबरी?"

"कादंबरी नाही. जे झालं तेच लिहिते. फक्त माणसाने शेवटपर्यंत वाचावं असं लिहिते."

"मग घ्या लिहून," मी म्हटलं. "मॅनेजरने मागच्या दाराला कुलूप घालायला लावलं आणि आमच्या बायका आत गुदमरल्या. झालं तुमचं पुस्तक."

तिने पेन काढलं नाही. मान जराशी तिरपी केली आणि विचारलं, "हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?"

माझं टाळकं सटकलं. मला आमच्या भागात भोंगा म्हणतात, आणि ते काही गोड गळ्यामुळे नाही. सहावीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी मोर्च्यात आणि कोर्टाच्या बाकड्यांवर शिकले. साहेबाच्या टेबलावरचा कागद मी समोर बसून उलटा वाचते. अशा बाईला ही परीक्षा घ्यायला आली होती. मी तिच्या दंडाला धरून तिला पायरी उतरवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर बसलेली दिसली. नंतर चहाच्या टपरीमागे. नंतर थेट आमच्या बायकांत, कापसाच्या गोण्या झटकताना. कारखान्याच्या जळक्या शेडबाहेर ओला कापूस वाळत घातला होता, तो विंचरायला बायका बसत, आणि ही त्यांच्यात बसून कापूस विंचरायची. जमत नव्हतंच तिला. बायका हसायच्या. "अहो ताई, कापूस आहे तो, केस नाहीत!" तीही हसायची, आणि हसता हसता विचारायची, "त्या दिवशी तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता? दाराकडे पाठ होती की तोंड?"

काय पणाला लागलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शेडला दोन दारं. पुढच्या दाराशी फोमचे ठोकळे रचलेले, तिथेच पेट घेतला. मागचं दार उघडं असतं तर सगळ्या बाहेर पडल्या असत्या. पण त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कंपनी म्हणाली, वॉचमनने आपल्या मनाने कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि चहा प्यायला गेला. वॉचमनकाका म्हणाले, कुलूप मी घातलं हे खरं, पण साहेबांनी सांगितलं म्हणून. आणि किल्ली साहेबांनीच ठेवून घेतली. आता आरोपीच्या शब्दाला कोण विचारतो? चौकशी लागली. चौकशीत काका दोषी ठरले तर काका तुरुंगात, कंपनी सुटली, आणि गेलेल्या दोघींच्या घरच्यांनी काकांच्या दारावर थुंकायचं, कंपनीच्या नाही. एकीच्या आईने थुंकायला सुरुवातही केली होती. ती गेलेली पोर काकांना काका म्हणायची, रोज त्यांच्या डब्यातलं उचलून खायची. काका थुंकी पुसायचे आणि दार लावून घ्यायचे.

आमच्या भागात मात्र प्रत्येकाला सगळं माहीत होतं. "मॅनेजरनेच कुलूप घालायला सांगितलं म्हणे." नळावर म्हणे, दळणाच्या रांगेत म्हणे, न्हाव्याच्या खुर्चीत म्हणे. मी माईकवर बोलताना ते म्हणे काढून टाकायचे. सभेत म्हणे चालत नाही. म्हणे म्हटलं की टाळ्या अर्ध्या होतात.

ती बाई त्या म्हणेच्या मागे लागली. "तुम्हाला कुणी सांगितलं?" "जावेने." मग जावेकडे. "तुम्हाला?" "भाजीवाल्याने." मग भाजीवाल्याकडे. घर सोडायची नाही, जिना सोडायची नाही. लोकांनी तिचं नाव म्हणेबाई ठेवलं. पोरांनी तर खेळच केला. एक ओरडायचा, "आई, दूध उतू गेलं!" की दुसरा मान तिरपी करून, "पाहिलंस, की ऐकलंस?" एकीने पोराला खरंच चोप दिला, कारण तोवर दूध खरंच उतू गेलं होतं.

माझं तिच्याशी जमलं ते तिच्या आईमुळे. एकदा तिला फैलावर घ्यायला मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं. पोटासाठी ती छापखान्याची मुद्रितं तपासायची, पुस्तकांवर कुणाचं पोट भरत नाही. आतल्या खोलीत आई, एका कानाने बहिरी, जिभेने धडधाकट.

"लेखिका आहेत का घरात?" मी जरा कुजकटपणेच विचारलं.

"लिहिते म्हणे," म्हातारी म्हणाली. "मला तर नुसती चपला झिजवताना दिसते. बस. तू ती ओरडणारी ना? तुझं मला ऐकू येतं. तू येत जा."

त्या म्हातारीने मला तिच्या लेकीची गोष्ट सांगितली. म्हातारीचा नवरा ट्रक चालवायचा. उतारावर ब्रेक निकामी झाला, गाडी दुकानात घुसली, तो जागच्या जागी गेला. पेपरात चार ओळी आल्या: चालक दारूच्या नशेत होता. कुणा बघ्याने म्हटलं असेल, प्यायलेला होता म्हणे. छापताना तेवढं म्हणे गळलं. म्हातारी लेकीला घेऊन पेपरच्या ऑफिसात गेली. तिथला माणूस म्हणाला, बाई, छापलं ते छापलं. शाळेत पोरी हिच्याजवळ बसेनात. ही तेव्हा लहान होती, पण ते कात्रण हिने पाठ केलं होतं.

मी म्हातारीची जरा खोड काढली. "तुमचे यजमान पीत नव्हते, हे पाहिलंत, की ऐकलंत?"

"जन्मभर त्याच्या तोंडाचा वास मी घेतला," ती म्हणाली. "तू घेतला होतास का?"

अशी ती आई. तेव्हापासून त्या घरात पेपर फक्त काचा पुसायला येतो. आणि लेकीचं हे असं. एखाद्याविषयी लिहिलं की छापण्याआधी त्याच्या घरी जायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. "तुमच्या तोंडी घातलेला शब्द तुमचाच आहे ना?" असं विचारायचं. माणूस म्हणाला, 'मी असं नाही म्हणालो,' तर तिथल्या तिथे खोडायचं. पण माणूस म्हणाला, 'म्हणालो होतो पण बरं दिसत नाही,' तर घासाघीस चालायची, दोन दोन संध्याकाळी. एका पुस्तकाला तिला सहज चार-पाच वर्षं लागायची. आधीची दोन पुस्तकं होती तिची, एक स्मशानात काम करणाऱ्या माणसावर, एक दाईवर. मी दोन्ही वाचली. चांगली आहेत. तिला मी तसं सांगितलं नाही.

आम्ही दोघी अरेतुरेवर आलो. मी तिला घरोघरी नेऊ लागले, कारण माझ्याबरोबर दारं उघडतात.

असंच एकदा टाकेवाल्या मावशीकडे गेलो. मावशी गादीला टाके घालायची, हातभर लांब सुई, बोटाला कायम चिंधी गुंडाळलेली. कारखान्यातली सगळ्यात जुनी. आगीच्या दिवशी ती पुढच्या दाराजवळ होती म्हणून वाचली, असं सगळे सांगायचे. खोलीत खुंटीवर तिच्या लेकीचा निळा कोट लटकत होता, त्याला नावाची पट्टी. लेक कंपनीच्या गावातल्या शोरूममध्ये काउंटरवर होती. घरातला बांधलेला पगार तेवढाच.

मावशी सुईत दोरा ओवत सांगत होती. "साहेब म्हणे मागच्या दाराशी आला. बायका सारख्या वाऱ्याला बाहेर जातात म्हणून चिडला होता म्हणे. मानेवरचा घाम रुमालाने पुसत होता. काकांना म्हणाला म्हणे, 'कुलूप घाल, किल्ली माझ्या हातावर ठेव, आणि मग खुशाल चहा ढोस.'"

मला त्यात काही नवीन वाटलं नाही. तेच ते कुलूप. पण खाली उतरताना जिन्याच्या वळणावर म्हणेबाई मटकन खाली बसली.

"काय गं? चक्कर आली?"

"ती तिथे होती," ती हळूच म्हणाली.

"कशावरून? तिने तर शब्दाशब्दाला म्हणे लावलं."

"अगं, मी या भागात शंभर जणांना विचारलं. सगळे म्हणतात, कुलूप घालायला सांगितलं. किल्ली हातावर ठेव असं एकानेही सांगितलं नाही. चहा ढोस असं कुणी म्हणालं नाही. घाम पुसला असं कुणी म्हणालं नाही. आणि त्या वाक्याला ती म्हणे लावायला विसरली." तिने जिन्याच्या कठड्याला घट्ट धरलं. "अफवेला घाम येत नाही."

मी तिला दंडाला धरून उठवलं. "मग झालं की! उद्याच्या उद्या लिही. काका सुटले!"

"काय लिहू? ती तर म्हणे म्हणाली."

"ते म्हणे काढून टाक."

"तो शब्द तिचा आहे. तिनेच काढायला हवा."

त्या दिवसापासून आमच्यात जे भांडण लागलं ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हणायचे, एका शब्दापायी एक म्हातारा तुरुंगात जाईल. ती म्हणायची, तो शब्द मी काढला तर मावशीची लेक घरी बसेल आणि चौकशीत मावशी सरळ सांगेल, मी असं म्हणालेच नाही. मग काका डबल खोटे ठरतील. मी म्हणायचे, तू भित्री आहेस. ती म्हणायची, हो, आहे. या उत्तरावर भांडता येत नाही, आणि मला भांडायचं होतं.

"तुला तुझं पुस्तक सोवळं ठेवायचंय!" मी एकदा तिच्या स्वयंपाकघरात ओरडले.

"त्या मॅनेजरने बायकांना न विचारता दार बंद केलं," ती भांडं विसळत म्हणाली. "मी मावशीला न विचारता दार उघडू? तिला बाहेर पडायचंय की नाही हे कुणीतरी विचारा ना तिला एकदा."

"मग विचार!"

"विचारणारच आहे. वाचायला जाणार आहे."

आतून म्हातारी ओरडली, "जिंकलं कोण?"

वाचायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. मावशीची लेक नुकतीच कामावरून आली होती, निळा कोट अजून अंगात, चहा ठेवत होती. मावशी भिंतीला टेकून बसली. म्हणेबाईने पानं मांडीवर घेतली आणि वाचायला लागली. तिचा आवाज काही माझ्यासारखा नाही, पण त्या खोलीत दुसरं काही ऐकू येईना. मावशीचे टाके आले, सुई आली, कापसाचे नाकात जाणारे तंतू आले, गेलेल्या दोघींपैकी एक डब्यातलं लोणचं चोरून खायची ते आलं. मावशी हसली, डोळे पुसले. "हो, अशीच होती रांड," ती म्हणाली. "अशीच."

मग साहेब आला, घाम आला, किल्ली आली. "...'आणि मग खुशाल चहा ढोस,' असं म्हणाला म्हणे." इथे ती थांबली.

"का थांबलात?" मावशी म्हणाली.

"इथे म्हणे आहे."

"असू दे की."

"राहू दे?"

चहाला उकळी फुटली होती. लेक वळली, हातात पक्कड. "आई, हे कशाबद्दल चाललंय?"

"कुठे काय! ऐकीव गोष्ट आहे. ऐकीव गोष्टीला म्हणे लागणारच!" मावशीचा आवाज एकदम चढला. "राहू दे म्हटलं ना!"

मला राहवलं नाही. "मावशी, काकांना..."

म्हणेबाईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "बरं मावशी," ती म्हणाली. "तुमचं आहे, तसंच राहील." तिने पुढचं पान उलटलं आणि शेवटपर्यंत वाचलं. लेकीने दिलेला चहा प्यायला. मी प्याले नाही.

रस्त्यावर आल्यावर मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढचे दिवस वाईट होते. पुस्तक छापायला गेलं, त्यात मावशीचं नाव नव्हतं, नुसतं 'एक कामगार'. प्रकाशकाने मुद्रितावर त्या जागी लाल खूण केली: 'म्हणे अनावश्यक, वाक्य लंगडं होतं.' तिने शेजारी लिहिलं: 'लंगडंच आहे. पळवू नका.' कुठून तरी वास लागून कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, 'एक कामगार' म्हणजे कोण ते कळवा, नाहीतर पुस्तक मागे घ्या. प्रकाशक डळमळला. तो फोनवर म्हणाला, ताई, नाव देऊन टाका, आपण मोकळे. ती म्हणाली, नाव माझ्याजवळ नाही. फोन ठेवल्यावर तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आयुष्यात न पाहिलेल्याचं एक अक्षर न लिहिणारी बाई, सरळ खोटं बोलली. मी बघत होते. म्हटलं तिला, "आता? हे पाहिलं, की ऐकलं?" ती हसली नाही.

वर्षानुवर्षं रखडलेल्या चौकशीची शेवटची सुनावणी जवळ आली तशी मी फाटकासमोर सभा घेतली. माणसं बरीच जमली. माईक माझ्या हातात होता आणि मावशीचं नाव माझ्या जिभेवर. एकदा नाव घेतलं की तिला मागे फिरता आलं नसतं. सगळा भाग तिच्या दाराशी उभा राहिला असता. म्हणेबाईने मला आधीच बजावलं होतं, "तू नाव घेतलंस तर मी उभी राहून सांगेन, भोंगा खोटं बोलते." मी म्हटलं होतं, सांगून तर बघ.

"आपल्यातलीच एक बाई आहे," मी सुरुवात केली, "जिने आपल्या कानांनी..." आणि मला मावशी दिसली. गर्दीच्या कडेला, लेकीचा हात धरून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दगड उचललेल्या माणसाकडे बघतात. मी माईक खाली ठेवला. लोकांना मी सांगते की घसा बसला होता.

सुनावणीला कामगार ऑफिसातला लांबट हॉल, वर खडखडणारा पंखा, मधोमध चौकशी अधिकारी, सर्दीने बेजार झालेला. एका बाजूला काका, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर. पलीकडे मॅनेजर आणि वकील. मागच्या बाकांवर आम्ही सगळे. मावशीही आली होती, का ते मला कळलं नाही. दाराजवळच्या टोकाला बसली होती. म्हणेबाई माझ्या शेजारी. तिच्याशी मी बोलत नव्हते, पण बसायचं तर कुणाच्या तरी शेजारीच ना.

वकील उठला आणि त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. म्हणेबाईचं पुस्तक, नुकतंच बाजारात आलेलं.

"साहेब," तो म्हणाला, "हे पुस्तक आमच्या विरोधात आहे. लिहिणाऱ्या बाई आमच्या विरोधात आहेत. तरीसुद्धा त्यांनी काय लिहिलंय ऐका." त्याने ते वाक्य वाचलं. वाचताना त्याने नाटकातल्यासारखा हात पुढे केला, काल्पनिक किल्लीसाठी. "'...आणि मग खुशाल चहा ढोस,' असं म्हणाला म्हणे! म्हणे, साहेब. कोण म्हणे? कुणाचं म्हणे? बाईंना सबंध भागात एक माणूस मिळाला नाही ज्याने हे ऐकलं. म्हणजे ही हवेतली गोष्ट."

एक दोन जण हसले. मॅनेजरही हसला आणि त्याने रुमाल काढून मान पुसली. मी म्हणेबाईकडे पाहिलं. ती मॅनेजरकडे बघत नव्हती, वकिलाकडे बघत नव्हती. डोळे मिटून बसली होती, रंग उडालेला. मला वाटलं, भोग आता. मला खरंच तसं वाटलं.

"आणि हवेत ही गोष्ट सोडली कुणी?" वकील पुढे म्हणाला. "ज्याला सुटायचंय त्यानेच. वॉचमनने स्वतः. दोन पोरींचे जीव घेतले आणि वर ही कंडी पिकवली."

काकांनी मान खाली घातली. थुंकी पुसायची सवय झालेला माणूस बसतो तसे बसले.

"त्यांनी नाही पिकवली."

आवाज दाराकडून आला. अधिकाऱ्याने रुमालातून नाक बाहेर काढलं. "कोण बोललं? मध्ये बोलू नका."

मावशी उभी होती. चिंधी बांधलेलं बोट दुसऱ्या मुठीत आवळलेलं. "त्यांनी नाही पिकवली. ते म्हणे माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"माझं म्हणजे माझं. मी म्हटलं ते या ताईंना. भ्याले म्हणून म्हणे लावलं." ती वकिलाकडे वळली. "आणि तुम्ही हात असा केला, तसा नव्हता केला त्यांनी. डाव्या हातात रुमाल होता. उजवा पुढे केला. मी मागच्या दाराच्या फटीला लागून बसले होते, सुईत दोरा ओवत. माझ्यासमोर किल्ली त्यांच्या हातावर पडली. मग मला पुढे पाठवलं, ठोकळे मोजायला. म्हणून मी वाचले."

वकील म्हणाला, "साहेब, या बाई शिकवून आणलेल्या..."

"मला कोण शिकवणार?" मावशी म्हणाली. "ही भोंगा म्हणायची बोल, भीती म्हणायची गप्प बस. ही एकटी," तिने म्हणेबाईकडे बोट केलं, चिंधीचं, "ही एकटीच म्हणाली, तुमचं आहे तसंच राहील."

अधिकाऱ्याने टायपिस्टला सांगितलं, घ्या. पंखा खडखडत होता आणि टायपिस्टची बोटं चालायला लागली. मॅनेजरने रुमाल खिशात घातला. मग परत काढला.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. काका सुटले. मॅनेजरवर खटला उभा राहिला, तो अजून चालूच आहे, आणि मी प्रत्येक तारखेला जाते. काकांच्या दारावर थुंकणारी आई एक दिवस त्यांच्या पायरीवर बसून राहिली. मावशीच्या लेकीला शोरूममधून काढलं, माल खपत नाही म्हणाले. ती आता औषधांच्या दुकानात आहे, पगार कमी, आईशी धड बोलत नाही. म्हणे काढण्याची किंमत होती, ती त्या घराने मोजली. हे मी सभेत सांगत नाही, म्हणून इथे सांगते.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची वेळ आली. मी तिच्या घरी गेले. "आता तरी ते म्हणे काढ," मी म्हटलं. "आता तर सरकारी कागदावर आलं."

"त्या दिवशी तिने म्हणे म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते मी ऐकलंय. ते कसं काढू?"

"अगं पण खरं काय ते कळलं ना सगळ्यांना!"

"म्हणून शेवटी नवीन प्रकरण जोडतेय. सुनावणीचं. ते मी पाहिलंय."

"तुझ्याशी डोकं फोडण्यापेक्षा भिंतीवर फोडलेलं बरं."

"भिंत माझी आहे!" आतून म्हातारी.

नवीन प्रकरण वाचायला आम्ही मावशीकडे गेलो. मावशी आता घरीच उशा शिवायची. म्हणेबाईने आधी जुनं पान वाचलं, सलगतेसाठी म्हणाली. ती त्या वाक्यापाशी आली आणि मीच मध्ये बोलले. "मावशी, आता तरी सांगा हिला. काढायचं ना ते?"

मावशीने दाताने दोरा तोडला. उशी उलटीपालटी करून टाका बघितला.

"राहू दे," ती म्हणाली. "भ्याले होते, तेही खरंच की." मग म्हणेबाईकडे वळून, "वाचा पुढे. आणि जरा मोठ्याने वाचा. पोरगी आतच आहे."